वीस ताटांची खानावळ

कोल्हापूरहून गगनबावडा नाहीतर राधानगरीच्या वाटेवर छोटी खानावळ काढायची आणि आजूबाजूला पिकतं तेच वाढायचं असेल, तर मेनूकार्ड छापू नका. फळा टांगा. कर्टुली पावसाळ्यातच, छापलेल्या कार्डावर मात्र ती वर्षभर राहतात आणि रोज गिऱ्हाईकाला "आज नाही" सांगत बसावं लागतं.

ताटं वीसच का, तर भाकरीमुळे. एका तव्यावर तासाला वीस-बावीस निघतात. माणशी दोन धरल्या तर दोन चुली आणि दोन बायका, एवढ्यात पंगत गरम भाकरीवर उठते. ज्वारी तीन-चार दिवसांपुरतीच दळायची. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा फाटतात. उकळत्या पाण्यात मळून वेळ भागते, पण ती भाकरी गार झाली की वातड.

खरी परीक्षा पांढऱ्या रश्श्याची. वीस जणांना तीन किलो मटण, सात लिटर पाणी, आलं-लसूण आणि थोडं मीठ. हळद नाही, चिमूटभर पडली तरी रस्सा पिवळा. मंद आचेवर शिजून पाच लिटरच्या आसपास अळणी, म्हणजे मटण शिजल्याचं पाणी, उरते. निम्मी तांबड्याला, निम्मी पांढऱ्याला. पांढऱ्यासाठी 50 ग्रॅम खसखस आणि 100 ग्रॅम काजू भिजवून गंधासारखे वाटायचे. खसखस भरड राहिली तर वाटीच्या तळाला रेती बसल्यासारखी लागते. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी, चिरलेली हिरवी मिरची, मग वाटण, मग अळणी. तीन मोठ्या नारळांचं दूध अगदी शेवटी, आच बारीक करून. उकळी फुटली की दूध फाटतं, आणि फाटलेला रस्सा परत जुळत नाही. दुसरी चूक चुलीची: पावसात लाकूड ओलं असतं, धूर धरतो आणि नाजूक रश्श्यात तो आधी लागतो. म्हणून पांढरा गॅसवर, तांबडा खुशाल चुलीवर. (खसखस काही कोल्हापुरात पिकत नाही आणि नारळ बहुतेक घाट चढून येतो. "सगळं गावचं" अशी पाटी लावू नये.)

तांबड्याला कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यातच करून ठेवायची. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी.

श्रावणात मटण थंडावतं. तेव्हाच रानभाज्या जोरात असतात, म्हणून हा महिना बंद ठेवणं म्हणजे वेडेपणा. कुरडू तुरे यायच्या आत, फक्त कोवळे शेंडे. भारंगी कडू, उकडून, पिळून पाणी टाकून द्यायचं. रानअळू चिंच न घालता केलं तर घसा खाजतो. पालेभाजी शिजून चौथा हिस्सा उरते, तेव्हा वीस ताटांना निवडलेली चार किलो तरी लागते. भाजी रोजच्या ओळखीच्या बायकांकडूनच घ्यायची. त्यांना जो पाला ओळखता येत नाही, तो स्वयंपाकघरात येऊ द्यायचा नाही.

भाताला आजरा घनसाळ, आजऱ्याकडचा वासाचा तांदूळ. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याकडून भात पोत्यानं घेऊन लागेल तसं कांडून आणलेलं बरं, कारण कांडलेल्या तांदळाचा वास उडत जातो. नव्या तांदळाला वाटीला दीड वाटी पाणी, वर्ष झालेल्याला दोन. हे विसरलात तर डिसेंबरात नव्या तांदळाचा गिजगा होणार.