यादीतला सोळावा

आमच्या राऊटरच्या यादीत त्या रात्री १६ डिव्हाइस दिसत होती, आणि मला आठवून आठवून मोजता आली ती ९. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि लेकीचा टॅब. उरलेली सात कोणाची, हे घरात कुणालाच सांगता येईना.

झालं होतं असं, की बरेच दिवस संध्याकाळी सातनंतर नेट हमखास मंदावायचं. नेमका तेव्हाच लेकीचा ऑनलाइन क्लास. शिक्षिकेचा आवाज तुटायचा, चित्र गोठायचं. नेट पुरवणाऱ्यांना दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'आमच्याकडून लाइन व्यवस्थित आहे' एवढंच उत्तर. मग म्हटलं, आपणच बघू. राऊटरच्या बुडाला स्टिकर असतो, त्यावर राऊटरच्या पानाचा पत्ता लिहिलेला असतो. आमचा १९२.१६८.१.१ आहे. तो ब्राउझरमध्ये टाकला, लॉगिन केलं आणि 'कनेक्टेड डिव्हाइसेस'वर क्लिक केलं.

यादीतली निम्मी नावं वाचून काहीच बोध होत नव्हता. काहींना नावच नव्हतं, नुसता मॅक अ‍ॅड्रेस. म्हणजे नेटवर्कवर त्या डिव्हाइसची ओळख पटवणारा पत्ता. तो १२ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यातल्या पहिल्या सहांवरून ते वायफायचं कार्ड कुठल्या कंपनीने बनवलं ते कळतं, कारण आयईईई ही संस्था कंपन्यांना ते सुरुवातीचे आकडे वाटून देते. ही सहा अक्षरं ऑनलाइन शोधली की कंपनीचं नाव मिळतं. माझ्या यादीत दोन ठिकाणी 'एस्प्रेसिफ' आलं. असलं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी घाबरले आणि दोन्ही तिथल्या तिथे ब्लॉक करून झोपले.

सकाळी अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "अगं, रात्री बोळातला दिवा लागलाच नाही. फोनवरचं बटण तीनदा दाबलं. मग भिंतीला धरून गेलो."

एस्प्रेसिफ ही चिप बनवणारी कंपनी. स्मार्ट प्लग, स्मार्ट बल्ब असल्या पुष्कळ वस्तूंच्या पोटात त्यांची चिप असते आणि राऊटरला वस्तूचं नाव नाही, चिपचं नाव दिसतं. मी ब्लॉक केले होते ते आमचेच दोन प्लग, त्यातल्या एकावर अण्णांचा रात्रीचा दिवा. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस अंधारात चाचपडत गेला, हे मला फार लागलं. अण्णा पडले असते तर? म्हणून हे सगळ्यात आधी लिहिते: डिव्हाइस ओळखल्याशिवाय ब्लॉक करू नका.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. प्रत्येक डिव्हाइसला एक ओळ: मॅक अ‍ॅड्रेस, राऊटरवर दिसणारं नाव, घरातली वस्तू, कुठे असते. ओळखायची पद्धत एकदम साधी. हातातल्या वस्तूचं वायफाय बंद करायचं, राऊटरचं पान रिफ्रेश करायचं आणि कोणती ओळ गेली किंवा करडी झाली ते पाहायचं. फोनमध्ये नेटवर्क स्कॅन करणारी अ‍ॅप्स मिळतात, तीही वापरून पाहिली. पण झोपलेली डिव्हाइस स्कॅनला कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत. राऊटरची यादी मला जास्त भरवशाची वाटली.

दोन प्लग झाले. दाराची कॅमेऱ्याची बेल निघाली. गाणी लावायला ठेवलेला जुना फोन निघाला, तो मी मोजलाच नव्हता. नवऱ्याचं घड्याळ स्वतंत्रपणे वायफायला जोडलेलं असतं, हे तर त्यालाही माहीत नव्हतं. आणि लेकीचा फोन यादीत दोनदा होता!

हे दोनदाचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस राऊटरला दाखवत नाहीत, दर नेटवर्कसाठी एक बनवलेला पत्ता देतात. बाहेर कुणाला आपला माग काढता येऊ नये म्हणून हे केलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्यामुळे अशा पत्त्यावरून कंपनी कळत नाही. बनवलेला पत्ता ओळखायची खूण एकच: त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असतं. लेकीने आदल्या दुपारी फोन रीसेट केला होता, त्यामुळे त्याला नवा पत्ता मिळाला. जुना पत्ता लीज, म्हणजे राऊटरने यादीतल्या नोंदीला दिलेली मुदत, संपेपर्यंत तसाच राहिला. आमच्या राऊटरवर ती २४ तासांची आहे. दुसऱ्या दिवशी ती ओळ आपोआप गेली.

अशा पंधरा ओळी भरल्या. सोळावी रिकामी राहिली.

तिच्यासमोर एका फोनच्या मॉडेलचं नाव होतं. तसला फोन आमच्या घरात कुणाकडेच नाही. पत्त्याचं दुसरं अक्षर ई. तीन दिवस लक्ष ठेवलं: साधारण सातला यायचा, अकराला जायचा. आमचा राऊटर प्रत्येक डिव्हाइसचा सिग्नलही दाखवतो. हॉलमधले आमचे फोन उणे ४५ डीबीएमच्या (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आसपास असतात, आणि हा उणे ७८. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल अशक्त. म्हणजे हा फोन बहुधा आमच्या भिंतींच्या आत नव्हता.

मनात पहिला संशय आला तो डब्ल्यूपीएसचा. बटण दाबून किंवा पिन टाकून वायफायला जोडायची ही सोय. तिचा पिन आठ आकडी, पण २०११ साली उघड झालं की राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे दहा कोटी शक्यतांच्या जागी ११,००० प्रयत्न पुरतात. आमच्या राऊटरवर ते बंदच होतं. तुमच्याकडे चालू असेल तर बंद करा.

मग सोळाव्याला ब्लॉक केलं. दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता तो परत हजर! मॉडेलचं नाव तेच, मॅक अ‍ॅड्रेस वेगळा. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये बनवलेला पत्ता वापरायचा की फोनचा खरा, हे निवडता येतं. ते बदललं की राऊटरच्या लेखी तो नवाच पाहुणा. म्हणून मॅक अ‍ॅड्रेस ब्लॉक करण्यावर माझा आता भरवसा नाही. दाराला कडी घातल्यासारखं वाटतं, पण कडी बाहेरूनही निघते. खरा उपाय एकच, पासवर्ड बदलणं.

त्यात अख्खा रविवार सकाळचा वेळ गेला. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. मी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडून २६ अक्षरांचा केला. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए२ / डब्ल्यूपीए३' ठेवला. आणि राऊटरच्या पानाचा पासवर्ड वेगळा ठेवला, कारण वायफायवर आलेल्या कुणालाही ते पान उघडता येतं आणि कारखान्यातून आलेले पासवर्ड जगजाहीर असतात. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, असलेच ठरावीक पासवर्ड टाकून पाहत जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. प्लगनी मात्र दमवलं. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, बटण दाबून ठेवून दिवा भराभर लुकलुकू लागला की मगच नव्याने जोडता येतात. बोळातला दिवा आधी जोडला, अण्णांच्या फोनवरून लावून पाहिला, मग बाकीच्यांकडे वळले.

अण्णांच्या फोनमध्ये नवा पासवर्ड टाकत होते, तेव्हा ते शेजारी बसून म्हणाले, "मग वरच्या मजल्यावरच्या त्या पोरालाही नवा द्यावा लागेल ना?"

गेल्या वर्षी त्या मुलाच्या परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि त्याचा डेटा संपला होता. तो दारात येऊन उभा राहिला. अण्णांनी आपल्या फोनवरचा क्यूआर कोड दाखवला, त्याने स्कॅन केला. फॉर्म भरला गेला, आणि फोन आमच्या वायफायला जोडलेलाच राहिला. दिवसा नोकरी, संध्याकाळी खोलीवर आला की क्लासचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ डाउनलोड करायचे. मध्येच नेट बंद पडलं म्हणून त्याने सेटिंगमध्ये खटपट केली होती, त्यातच पत्ता बदलला. त्याला तर आपण कुणाला त्रास देतोय याची कल्पनाही नव्हती.

मी अण्णांवर चिडले नाही. अडलेल्या पोराला मदत केली, त्यात चूक काय? पण त्यांना लॅपटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर उघडून दाखवलं. त्यात त्यांचेच तपासण्यांचे रिपोर्ट, बँकेची स्कॅन केलेली कागदपत्रं. म्हटलं, "अण्णा, तो मुलगा चांगलाच आहे. पण त्याच्या फोनमध्ये काही घुसलं असेल तर ते इथवर येऊ शकतं. शिवाय लाइन आपल्या नावावर आहे, तिच्यावरून काही भलतंसलतं झालं तर विचारणा आपल्याकडे होणार." ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण त्याचा अभ्यास बुडायला नको."

नाही बुडला. राऊटरवर गेस्ट नेटवर्क चालू केलं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण आमचे लॅपटॉप, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा यांच्यापर्यंत पोचता येत नाही. त्याला ५ एमबीपीएसची मर्यादा घातली, म्हणजे लेकीच्या क्लासला धक्का लागत नाही. पासवर्ड वेगळा, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलायचा असं आम्ही ठरवलंय. नवा पासवर्ड द्यायला अण्णा स्वतःच जिना चढून वर गेले.

संध्याकाळी सातला राऊटरचं पान उघडलं. लेकीच्या फोनची जुनी ओळ गेल्यामुळे मुख्य यादीत चौदा, गेस्टच्या यादीत एक. वहीतली सोळावी ओळ भरली: मॉडेलचं नाव, वरचा मजला, गेस्ट, अण्णांच्या ओळखीचा.