मोहावीची टोपोशीट: नकाशावरचं पाणी आणि जमिनीवरचं

सह्याद्रीत 1:50,000च्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या सर्वेक्षणाच्या नकाशावर, फिरायची सवय. कॅलिफोर्नियातल्या मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या वाळवंटी राखीव क्षेत्राची 1:24,000ची शीट उघडली आणि हरखूनच गेलो. एका सेंटिमीटरला 240 मीटर! झरे, विहिरी, पवनचक्क्या, गुरांचे वाडे, सगळं दाखवलेलं.

पहिल्याच दिवशी त्यातल्या एका पवनचक्कीकडे तीन तास चालत गेलो. चक्की होती. पाती गंजून एका जागी धरलेली, खाली पत्र्याचा गोल हौद. हौदात वाळू, तळाला वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे, त्यांवर कोल्ह्याची पावलं. पाण्याचा थेंब नाही. पाठीवर पुरेसं पाणी होतं म्हणून निभावलं.

कारण नंतर नीट कळलं. हा मुलूख शंभरेक वर्षं गुरांचा. चक्की वाऱ्यावर फिरून जमिनीतलं पाणी वर खेचायची; ते पाइपातून हौदात पडायचं ते गुरांसाठी. 1994 साली प्रिझर्व्ह झालं, पुढे बहुतेक चराईहक्क विकत घेतले गेले आणि गुरं गेली. मग चक्कीला वंगण कोण घालणार? जुन्या शीटवरचा निळा रंग त्या गुरांच्या काळातला आहे.

नव्या शीटवर, म्हणजे 2009पासूनच्या यूएस टोपो मालिकेत, पवनचक्क्या आणि वाडे बहुतेक गाळलेलेच. म्हणून दोन्ही न्या. यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या टोपोव्ह्यू संकेतस्थळावर जुन्या शीट फुकट उतरवता येतात. कोपऱ्यातलं सर्वेक्षणाचं साल आणि समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांमधलं उंचीचं अंतर आधी वाचा. शेजारच्या दोन शीटांत एक फुटांत, दुसरी मीटरमध्ये असू शकते. जुन्या शीट बहुधा नॅड 27वर, म्हणजे स्थान मोजण्याच्या 1927च्या जुन्या आधारावर, असतात. जीपीएस तसा लावला नाही, तर शंभरेक मीटरची चूक सहज पडते, आणि ओढ्यातला झरा शोधताना ती फार होते.

मला पाणी दिसलं ते रॉक स्प्रिंगला. मोहावी रोड या जुन्या वाटेवरचं हे ठिकाण. 1866मध्ये इथे सैन्याचा तळ पडला होता. ग्रॅनाइटच्या खळग्यात ओंजळभर खोल, काठावर मधमाश्या. मी ते भरून घेतलं नाही. रानमेंढ्यांना दुसरं कुठे जायचं? पाणवठ्यापासून 200 यार्डांच्या आत तंबू ठोकायलाही मनाई आहे.

माणशी रोज किमान 4 लिटर गाडीतून न्या, चालणार असाल तर आणखी. होल-इन-द-वॉलच्या कॅम्पग्राउंडवर नळ आहे. चालू आहे ना, हे निघण्याआधी विचारा. आत पेट्रोल कुठेच मिळत नाही.