येळवस, आज्जी आणि आम्ही सात भावंडं

काल येळवस झाली आणि पुण्याला परत येताना गाडीत बसल्या बसल्या हे टाइप करतोय कारण मन अजून शेतातच आहे. आमच्या लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळा अमावस्येला (हीच आमची येळवस), गावं अक्षरशः रिकामी होतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवण, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नाही हं, मटार, तूर, हरभरा, पालेभाज्या सगळं ताकात नि बेसनात शिजवलेलं असतं, आणि ती आमच्या आज्जीनंच करावी. आज्जी ८१ वर्षांची आहे तरी रात्रभर झोपली नाही, ताई म्हणाली आज्जे आता आम्ही करतो, तर म्हणली, "तुमी खा लेकरांनो, मला बघू द्या."

सगळ्या चुलत भावंडांत भांडण एकाच गोष्टीचं, आंबिलीचा पहिला पेला कुणाचा? यंदा माझ्या ४ वर्षांच्या पुतणीला दिला आज्जीनं, स्वतःच्या हातानं पाजला, तिच्या ओठावर पांढरी मिशी आली, लई गोड दिसत होती.

संध्याकाळी दादानं हेंडगा, म्हणजे गवताची मशाल पेटवला, आम्ही मागं पळालो. आज्जी बांधावर बसून प्रत्येकाचं नाव घेऊन हाका मारत होती. सातही नावं, एकही चुकलं नाही.