लेकीला न सांगितलेली दलदल

आल्बेर स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि भुरभुर पाऊस चालू होता. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. लेक उत्तर फ्रान्समध्ये लीलला शिकते, तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी गेलो होतो. पॅरिस कधी बघायचं, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, आधी सोम, पहिल्या महायुद्धातल्या मोठ्या लढाईचा मुलूख. का, ते तिला विचारावं लागलं नाही.

ती सात-आठ वर्षांची असताना सांगलीच्या घरी रात्रीची जेवणं झाली की मी तिला 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सांगायचो. मांडीवर इंग्रजी पुस्तक उघडं आणि तोंडानं मराठी. सॉरॉन नावाची काळी सत्ता साऱ्या मुलखावर पसरत चाललीय. तिचं सगळं बळ एका अंगठीत आहे आणि ती अंगठी ज्वालामुखीत टाकायला फ्रोडो आणि सॅम हे दोन लहानखुरे जीव पायी निघालेत. राक्षसाचा जीव पोपटात असतो हे आपल्या पोरांना आजीकडून ठाऊक असतं, त्यामुळे अंगठीचं तिला लगेच पटलं. एकच प्रकरण मी गाळलं. शत्रूच्या मुलखाच्या वेशीजवळ एक दलदल लागते. जुन्या लढाईत पडलेल्यांचे चेहरे तिथं पाण्याखाली दिसतात आणि वर फिकट दिवे जळत असतात. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. लेकीला मी सांगितलं, 'ते दुसऱ्या वाटेनं गेले.'

पुढं कधीतरी वाचनात आलं की त्या पुस्तकाचा लेखक टॉल्किन यानं १९६० साली एका पत्रात त्या दलदलीबद्दल लिहिलंय. सोमच्या लढाईनंतर उत्तर फ्रान्सचं जे झालं होतं, त्याचा काही अंश तिच्यात उतरलाय, असं त्यानं स्वतःच कबूल केलंय. तेव्हापासून इथं यायचं मनात होतं.

गाव सोडलं आणि दोन्ही बाजूंना उघडी रानं सुरू झाली. रस्त्याच्या कडेनं शुगरबीटचे ढीग, माणसाच्या उंचीचे, कारखान्याच्या गाडीची वाट बघत पडलेले. गळिताचा हंगाम म्हटलं की मला ऊसच दिसतो, त्यामुळे हे ढीग बघून परक्या मुलखात एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. माती मात्र वेगळी. वर पिवळसर चिकण आणि हातभर खाली पांढरा खडू. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल मागं राहते. इथं चिखल बुटाला धरतो आणि पावलागणिक वाढत जातो. अर्ध्या तासात माझे बूट शेर-शेर जड झाले होते. पाठीवर वीस-पंचवीस किलो ओझं घेऊन, रात्री, तोफांच्या माऱ्यात याच चिखलातून माणसं जात-येत होती.

एका विजेच्या खांबाच्या बुडाशी काहीतरी गंजकं, हातभर लांब पडलेलं दिसलं. मला आधी पाइपाचा तुकडा वाटला. लेकीनं दंड धरून मला मागं ओढलं. "बाबा, हात लावू नका. तोफगोळा आहे." नांगरटीत वर येतात. शेतकरी बांधाला आणून ठेवतो आणि मग सरकारी पथक येऊन घेऊन जातं. त्या गोळ्याला ओली माती चिकटलेली होती, म्हणजे एक-दोन दिवसांपूर्वीच निघालेला असणार. शंभरावर वर्षं झाली तरी हे रान अजून लढाई ओकतंय.

बेकूरची दफनभूमी झाडीच्या कडेला आहे, लहान आणि नीट राखलेली. रॉब गिल्सन इथं आहे. बर्मिंगहॅमच्या एका शाळेतले चार दोस्त होते: टॉल्किन, गिल्सन, जेफ्री बाश स्मिथ आणि ख्रिस्तोफर वाइझमन. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करायचा, एकमेकांच्या कविता ऐकायच्या, आपल्या हातून जगात काहीतरी मोठं होणार आहे असं मानायचं. त्या वयात सगळे मानतात तसंच. मग युद्ध आलं. वाइझमन नौदलात गेला, बाकीचे तिघे पायदळात, आणि १९१६ च्या उन्हाळ्यात तिघेही या सोमवर होते. टॉल्किन २४ वर्षांचा, लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. लँकेशायर फ्युझिलिअर्सच्या ११ व्या पलटणीत तो संदेशवहनाचा अधिकारी होता. तारा, कंदील, कबुतरं, निरोप्ये हे सगळं त्याच्याकडं.

१ जुलैच्या सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी ला ब्वासेलजवळ इंग्रजांनी जमिनीखाली पुरलेला सुमारे २७ टन दारूगोळा उडवला. तो खड्डा अजून तसाच आहे. कडेला उभं राहिलं की पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसतो आणि खाली गवतातून खडू उघडा पडलेला दिसतो. दोन मिनिटांनी हल्ला सुरू झाला. गिल्सनची पलटण या खड्ड्याच्या शेजारूनच पुढं निघाली आणि तो त्याच सकाळी गेला. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. लेक काठावर बराच वेळ गप्प उभी होती. मीही तिला काही सांगायला गेलो नाही.

ओव्हियेला पोचेपर्यंत पाऊस थांबला होता. टॉल्किनची पहिली लढाई याच गावासाठी झाली, जुलैच्या मध्यावर. इथल्या दफनभूमीत नाव नसलेले दगडच जास्त. कोण आहे ते देवालाच ठाऊक, एवढाच मजकूर. हे शब्द इंग्रज लेखक किपलिंगनं सुचवलेले. मुंबईत जन्मलेल्या त्या माणसाचा स्वतःचा मुलगाही याच युद्धात, फ्रान्समध्येच, बेपत्ता झाला होता.

सॉरॉन म्हणजे जर्मन, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आपली गोष्ट म्हणजे युद्धाचं रूपक नव्हे, असं टॉल्किन जन्मभर सांगत राहिला. आणि त्या दलदलीत नीट डोकावून बघा: पाण्याखालच्या चेहऱ्यांत उमदी माणसं आहेत, एल्फ म्हणजे यक्षांसारखे जीव आहेत आणि शत्रूचे राक्षसी सैनिक, ऑर्कही आहेत. सगळे एकाच पाण्यात, सारखेच कुजलेले. खंदकात पकडलेल्या एका जखमी जर्मन अधिकाऱ्याला टॉल्किननं पाणी देऊ केलं, तेव्हा त्या अधिकाऱ्यानं त्याचे जर्मन उच्चार दुरुस्त केले होते. तहानलेला, हरलेला माणूस आणि समोर भाषेचं वेड असलेला पोरगा. ज्यानं ते डोळे जवळून पाहिले, त्याला पुढं पाण्याखाली फक्त आपलेच चेहरे दिसणं शक्य नव्हतं.

त्येपव्हालचं स्मारक लांबूनच दिसत राहतं. विटांच्या अवाढव्य कमानी, आणि आतल्या दगडांवर ज्यांची कबर कुठली ते ठाऊक नाही अशा ७२ हजारांहून अधिक जणांची नावं. माझे पाय भरून आले होते. तिथल्या पायरीवर बसून आम्ही घरून बांधून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

रात्री आल्बेरलाच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सी केली. आधी लाँगव्हालच्या बाजूला, हाय वूड म्हणतात त्या रानाकडं. १४ जुलैच्या संध्याकाळी डेक्कन हॉर्स या हिंदी घोडदळाचे स्वार भाले घेऊन इथल्या उभ्या पिकातून घोड्यांवर निघाले होते, समोर मशीनगन. दख्खनचं नाव लावलेली पलटण इथं कुठं आली, या विचारानं मी त्या बांधावर थबकलो. फ्रान्स आणि बेल्जियमच्या मातीत हरवलेल्या हिंदी जवानांची नावं उत्तर फ्रान्समधल्याच नव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत, चार हजार सातशेहून अधिक. तिथं जाणं राहिलं, याची चुटपुट आहे.

तिथून वार्लँकूर. जेफ्री स्मिथ इथं आहे. २९ नोव्हेंबरला, लढाई संपल्यावर, आघाडीच्या मागं रस्त्यानं चालताना गोळ्याचा तुकडा लागला. जखम साधी वाटत होती, पण ती चिघळली आणि ३ डिसेंबरला तो गेला. टॉल्किन तोवर उवांमुळं होणाऱ्या खंदकज्वरानं आजारी पडून इंग्लंडला परतला होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला, एका रात्री गस्तीवर जाण्याआधी, स्मिथनं त्याला पत्र लिहिलं होतं: मी उरलो नाही तरी जे मला सांगायचं होतं ते तू सांग. १९१८ साली टॉल्किन आणि वाइझमननं मिळून स्मिथच्या कविता छापल्या. फ्रोडोची गोष्ट लिहायला टॉल्किन १९३७ च्या डिसेंबरात बसला आणि ती छापून आली १९५४-५५ मध्ये. त्यातला सॅम, मालकाला पाठुंगळीला घेऊन डोंगर चढणारा तो माळ्याचा पोरगा, आपण युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून आला, असं तो म्हणत असे. ते आपल्याहून कितीतरी थोर होते, असंही.

लेकीनं स्मिथच्या दगडावर पडलेली ओली पानं हातानं बाजूला केली. वाइझमन तेवढा उरला. टॉल्किननं आपल्या एका मुलाचं नाव ख्रिस्तोफर ठेवलं.

लीलच्या परतीच्या गाडीत आमच्या डब्यात फारसं कुणी नव्हतं. बाहेर अंधारून आलं होतं, सखल रानात साचलेलं पाणी तेवढं चमकत होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कॉलेजात असताना ते पुस्तक मी स्वतः वाचलं. तेव्हा कळलं, बाबा. ते दुसऱ्या वाटेनं गेले नव्हते."

"तू तेव्हा लहान होतीस गं."

"आता सांगा."

पुस्तक सोबत नव्हतं. मी बुटावरचा वाळलेला खडू नखानं खरवडला, थोडं सावरून बसलो आणि तिला सांगायला लागलो, की संध्याकाळ झाली होती, फ्रोडो आणि सॅम एकामागोमाग त्या दलदलीतून चालले होते, आणि मग पहिला दिवा लागला.