ओंडक्यांचं गाव, तळ्यांचं गाव

आज मिशिगनमधल्या कॅडिलॅकला जाऊन आलो. (हो, गाडीचं नावही तेच.) दोन तळी आणि मध्ये एक कालवा. 1873 साली जॉर्ज मिचेल यांनी तो खणून घेतला, तो पाइनचे ओंडके तरंगत लाकूड कापायच्या गिरण्यांपर्यंत यावेत म्हणून. आता त्यातून लोक निवांत बोटी हाकतात.

मी मात्र तळ्याकाठच्या बागेत 'शे' नावाच्या वाफेच्या रेल्वे इंजिनापाशी अडकलो. याच भागातल्या एफ्राइम शे नावाच्या लाकूड व्यावसायिकाची ही करामत, पेटंट 1881 चं. सिलिंडर उभे, तेही सगळे उजव्या बाजूला. त्यांच्या जोरावर बाजूने गेलेला लांबलचक दांडा फिरतो आणि दातेरी चाकांमार्फत एकूण एक चाक फिरवतो. वेग बेताचाच, पण जंगलातल्या कच्च्या रुळांवर आणि चढावर ओंडके ओढायला तोड नाही. तोल साधायला बॉयलर चक्क डावीकडे सरकवलाय! बायको दोनदा म्हणाली, "अहो, चला, भूक लागलीय." कोण ऐकतंय!

जंगल तोडून संपवलं, मग गावाने तळ्यांचा आधार घेतला. उन्हाळ्यात बोटी आणि मासेमारी, हिवाळ्यात स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी). कडाक्याच्या थंडीत तळी गोठली तरी कालवा मोकळा राहतो म्हणे. जानेवारीत येतंय का कोणी?