दोन थेंबांमधली पाच मिनिटं

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातलं घड्याळ थेंबांवर चालायला लागलं. बाटल्या दोन. पहिलीतला एक थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरीतला. घाई केली तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. दिवसातून चार वेळा हा कार्यक्रम. म्हणजे दिवसाची मोजून २० मिनिटं मी हातात बाटली धरून नुसती उभी.

जलरंगात काम करणाऱ्या माणसाला पाच मिनिटं ही फार मोठी गोष्ट असते. पहिल्या दिवशी मी आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पहिला हात, ओला सोडून उठले. परत आले तर तो अर्धवट सुकलेला. तरी मोह आवरला नाही, ब्रश टेकवलाच. व्हायचं तेच झालं, कातरलेल्या कडांचा डाग उठला. आता मी शहाणी झाले आहे. वॉश टाकायचा, आईला पहिला थेंब घालायचा, परत येऊन कागद तिरका धरून बघायचा. ओल्या कागदाला एक चकाकी असते. ती जाते तो क्षण पकडायचा असतो, आणि आमच्या हवेत, माझ्या जाड कागदावर, तो बरोबर दुसऱ्या थेंबाच्या सुमारास येतो. मग पळापळ.

बाटलीवर नाव इतक्या बारीक अक्षरात छापतात की ते वाचायला माझेच डोळे तपासून घ्यावे लागतील. टोपणांचे रंग वेगळे आहेत, म्हणून निभावतंय.

चाळिशी मला वेळेवर लागली. डोळ्यातलं भिंग हळूहळू ताठर होत जातं आणि जवळचं बघायला लागणारा फुगीरपणा त्याला जमेनासा होतो, एवढीच काय ती भानगड. दहा वर्षांच्या मुलाला ७-८ सेंटिमीटरवरचंही लख्ख दिसतं. पंचेचाळिशीला तेच अंतर साधारण वीतभराच्या पुढे सरकतं. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्यावर उपाय सोपा आहे. चित्रकाराचा घोटाळा मधल्या अंतरात आहे. वाचायचा चष्मा ४० सेंटिमीटरसाठी. चित्राचा बोर्ड ठेवायचा ईझल उभा असतो हातभर लांब, ६५-७० सेंटिमीटरवर. वाचायच्या चष्म्यातून कागद धूसर, लांबच्या चष्म्यातूनही धूसर. लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकाच भिंगात असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला, तर मधली पट्टी सापडावी म्हणून हनुवटी वर करून दिवसभर बसायचं. चित्राकडे मी तुच्छतेने बघते आहे असं वाटायचं.

शेवटी चष्मेवाल्याने विचारलं, “नक्की किती लांब असतो हो कागद?” मी घरी आले, टेप काढला. एक टोक आईने माझ्या भुवईला लावलं, दुसरं मी बोर्डाला. ६८ सेंटिमीटर. आईला ८१ व्या वर्षी टेपवरचे आकडे दिसत होते, मला नव्हते. तिने वाचले, मी लिहून घेतले. १०० ला ६८ ने भागलं की साधारण दीड येतं. लांबचा नंबर नसलेल्या डोळ्याला ईझलसाठी तेवढ्याच नंबराचं भिंग पुरतं. वाचायला अडीच लागतो. तेव्हापासून माझे तीन चष्मे आहेत, आणि कुठलाही हवा असला की डोक्यावर भलताच असतो.

एक फायदा मात्र झाला. कॉलेजात सर सांगायचे, डोळे बारीक करून बघ. तपशील विसर, फक्त उजेड आणि अंधार बघ. मला ते कधी नीट जमलं नाही. आता चष्मा काढला की काम झालं.

नवऱ्याला मागल्या वर्षी स्टेंट बसला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तो बरा आहे आणि पथ्याबद्दल कुरकुर करतो. पण त्या दिवसांत हॉस्पिटलच्या बाकांवर मी खूप चित्रं काढली, रिपोर्टांच्या लिफाफ्यांच्या पाठीवर. थांबलेल्या माणसांसारखे मॉडेल मिळत नाहीत. चेहरे मी टाळते, हात काढते. नंबर पुकारला की सगळे हात एकदम पिशवीवर घट्ट होतात. हृदयाच्या त्या तपासणीची मूळ फाइल आमच्याकडे आहे, फक्त तिच्या लिफाफ्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थाचा अंगठा आहे.

आईच्या ऑपरेशननंतरची खरी गंमत रंगांची. पट्टी निघाल्यावर ती एकदा उजवा डोळा झाकून बघायची, एकदा डावा. “या डोळ्याने भिंत पांढरी आहे, त्या डोळ्याने पिवळट.” भिंतीला रंग देऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे दोन्ही डोळे खरं बोलत असावेत. पण कारण भिंगाचं आहे. वय वाढतं तसं ते पिवळं पडत जातं, निळा आणि जांभळा उजेड अडवतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. कृत्रिम भिंग बसल्यावर अडलेलं निळं एकदम आत येतं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं हेच झालं होतं. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं. पुढची दहा वर्षं तो ऑपरेशन टाळत राहिला. ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंगांचा क्रम न बदलता काम रेटत होता. १९२३ मध्ये, ८२ व्या वर्षी, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग त्याला निळं अति दिसायला लागलं आणि तो चिडला. डाव्याला हात लावू दिला नाही. माझ्याही ट्यूब आता नावानेच ओळखल्या जातात. संध्याकाळी गडद निळा इंडिगो आणि काळा शेजारी ठेवले तर मी पैज लावणार नाही.

परवा आईने माझं आभाळ बघितलं. उजव्या डोळ्याने. “इतकं निळं? असं कुठे असतं?”

मी वाद घातला. डोळा पिवळा झाला तरी खरं आभाळ आणि कागदावरचा रंग दोन्ही त्याच भिंगातून दिसणार ना? मग चूक कशी होईल? समोर बघून रंगवत असते तर बिनतोड होतं. पण हे आभाळ मी खिडकी बंद करून रंगवलं होतं, आठवणीतलं. आठवण पंचविसाव्या वर्षाच्या डोळ्यांची, आणि तितकं निळं दिसेपर्यंत अल्ट्रामरीन ओतत बसलेले डोळे चौपन्नाव्या वर्षाचे. कुठेतरी चमचाभर जास्त पडलं असणार.

आईने उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने, जुन्या मोतीबिंदूच्या डोळ्याने, पुन्हा बघितलं. बराच वेळ.

“या डोळ्याने बरोबर आहे,” म्हणाली. “याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तोवर विकून टाक.”

आणि मान मागे टाकून दुसऱ्या थेंबासाठी उजवा डोळा उघडा धरून बसली.