तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःसाठी वेळ कुठून आणायचा?

"वहिनी, घर, दुकान, मुलांचं सगळं बघून तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळतो तरी कसा?" गल्लीतल्या नव्या सुनांपासून कामावरच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्याजणी मला हे विचारतात. मी सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. सौद्यांचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळचे सात तिथंच वाजतात. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे. वेळ मिळत नसतो, घरातल्यांकडून मागून घ्यावा लागतो.

केंद्र सरकारनं 2019 मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली होती. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्या कामात रोज सरासरी 299 मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97. आणि दिवसभरात घरातलं काही ना काही काम करणारे पुरुष शंभरात 26च. म्हणजे आपले पाच तास आधीच गेलेले. त्यात योगासनं, वाचन, आणखी काही बसवायचं म्हटलं की ते झोपेतनंच जातं. पहाटे चारला उठून व्यायाम करणाऱ्या बाईचं सगळे कौतुक करतात, पण ती रात्री आडवी किती वाजता होते, हे कुणी विचारत नाही. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी. ती मोडून कसली आलीय तब्येतीची काळजी?

म्हणून मी आधी कामाला हात घातला. रात्रीच्या भाकरीपासून.

आमच्याकडे भाकरी तव्यावरनं थेट ताटात जायची. मी थापत बसायची, बाकीचे जेवायचे. "अजून अर्धी दे" म्हणता म्हणता परातीतलं पीठ संपायला यायचं, आणि उरल्यासुरल्या पिठाची शेवटची जाड भाकरी मी ओट्याशी उभ्या उभ्या खायची. तोवर आमटी तळाला गेलेली. आता सगळ्या भाकऱ्या आधी भाजून होतात. बुट्टीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवते आणि आम्ही सगळे एकदम जेवायला बसतो. वाफेनं भाकरी जरा मऊ पडते, एवढंच. सासूबाईंना आधी हे पटलं नव्हतं. म्हणाल्या, "दमून आलेल्या माणसाला निवलेली भाकरी वाढायची?" मी म्हटलं, "आई, मीपण कामावरनंच येते की." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटं त्यांनीच मांडली, त्यात माझंही होतं. जेवणानंतरची भांडी हे आणि थोरला मुलगा घासतात. पहिले काही दिवस कढईच्या कडा चिकट राहायच्या. मी दुसऱ्यांदा घासायला गेले नाही. तुम्हीही जाऊ नका, त्याशिवाय ते काम आपल्या हातून सुटत नाही.

बसून जेवायला लागलं की ताटात काय आहे हेही दिसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. जिना चढताना धाप लागली की आपण वयाला दोष देतो. मेथी, मटकी, हरभरा हे आपल्या घरात असतंच, त्यावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. दुकानात दुपारच्या डब्यानंतर लगेच चहा येतो, मी माझा तासाभरानं मागवते. संकष्टी मी मनापासून करते, पण साबुदाणा आणि चहावर दिवस काढत नाही. दही, शेंगदाणे, राजगिरा घेते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आपण बोलतच नाही. बाहेर कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत, कारण लघवीला जायची सोय लांब असते किंवा तिथं पाय ठेववत नाही. तासन् तास तुंबवून धरायचं, मग जळजळ, मग ताप. हे सोसायचं काही कारण नाही. आम्ही चौघी मिळून मालकांकडे गेलो आणि आतल्या मोरीला कडी आणि नळ बसवून घेतला. एकटीला मागायला लाज वाटते, चौघींना वाटत नाही. माझ्या लेखी स्वतःची काळजी म्हणजे हेसुद्धा.

चालण्याचं फारसं अवघड नाही. आमराईत फिरायला जाणं मला जमत नाही, म्हणून सिटी बसमधून एक थांबा आधी उतरते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं झपझप चालण्याएवढी हालचाल करायला सांगते. पूर्वी ते एका वेळी किमान दहा मिनिटं तरी हवं असं म्हणत. 2020 पासून ती अट गेली. चार मिनिटं चाललात तरी धरली जातात.

आणि पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की यातलं काही जमत नाही. सामान माळ्यावर चढवायचं असतं. त्या दिवसांत मी औषधं आणि तपासण्यांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधी वर टाकते, पाणी उकळून पिते आणि मिळेल तेव्हा झोपते. बाकीचं पाणी ओसरल्यावर.

सुरुवात कुठून करू, असं विचारत असाल तर रक्त तपासून घ्या. गरोदर नसताना हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर नुसत्या मेथीवर भागवू नका, डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा. तिशी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही होते. जाताना जाऊबाईंनाही बरोबर घ्या आणि त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्यांवर सोपवा.